पांढऱ्या रेघेच्या अलीकडे

"हाक मारा तिला."

"नाही मारणार."

"मग मला आत सोडा."

"तुला तर मुळीच नाही. आणि आवाज खाली ठेव."

"खालीच आहे."

"तुला वाटतंय तसं. संत्र्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातोय."

फेलिसा बोर्डेरानं ओठ मिटून घेतले. तिच्या पायात घरातल्या सपाता होत्या, हातात चुरगळलेला कागद होता, आणि फाटकाबाहेर तिची सायकल आडवी पडली होती. गावातून आमच्या शोभेच्या दारूच्या कारखान्यापर्यंत सगळा चढ आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई सपाता घालून तो चढ सायकलवर येते, तेव्हा कारण विचारायची गरज नसते. तरी मी फाटकावर बसते, विचारणं माझं काम आहे. आत जाणाऱ्याचा फोन, लायटर, घड्याळ, अंगठी, सगळं काढून घ्यायचं, वहीत नाव लिहायचं आणि मग दांडी वर करायची. फेलिसानं काही काढून दिलं नाही. ती दांडीखालून वाकून आली आणि सरळ जेवणाच्या मांडवात बाल्तासारसमोर जाऊन उभी राहिली.

बाल्तासार ओर्त्स आमचा मुख्य कारागीर. सत्तरी ओलांडलेला. अख्खं गाव त्याला काका म्हणतं, त्याच्याहून मोठे लोकसुद्धा. न्याहारीला अजून वेळ होता, पण मालाची यादी करायला तो आधीच मांडवात येऊन बसला होता. त्यानं पेन्सिल कानावर खोचली.

"आता सांग. एकदाच सांग, आणि न रडता."

"नऊ नंबरात निळा डबा आहे. इंग्लंडहून आलेला."

"आहे. नाटकवाल्यांचा माल. ज्वाळ दिसते, धूर होत नाही तो. मी बाहेरगावी होतो तेव्हा आला. तुझ्या बहिणीनं, डोरोनं उतरवून घेतला."

"त्याचा इंग्रजी सूचनांचा कागद आपल्या भाषेत मी केला."

"सगळेच कागद तू करतेस."

"तो चुकलाय."

बाल्तासारनं कागदासाठी हात पुढे केला. फेलिसा कागद उलगडायला लागली, मग तिनं तो तसाच टेबलावर ठेवला.

"तो माल ओला ठेवायचा असतो, काका. कायम ओला. ओला आहे तोवर गरीब. वाळला की नुसत्या हाताच्या घासण्यानं... आज सकाळी तिथल्या बाईचा निरोप आला. दुसरा डबा पाठवतोय, पहिल्यात दर आठवड्याला पाणी घालताय ना, म्हणून विचारलंय. मी उत्तर लिहायला बसले आणि माझा जुना कागद काढून पाहिला. त्यावर मी लिहिलंय, ओलाव्यापासून जपा, हवेशीर ठेवा. माझ्या हातानं. खाली माझी सही."

"केव्हाचा कागद?"

"तीन आठवडे झाले."

बाल्तासारनं मान वर करून मांडवाबाहेरच्या खांबाकडे पाहिलं. खांबाच्या टोकाला एक चिंधी बांधलेली असते. समुद्राकडून वारा असला की ती डोंगराकडे उडते आणि आम्ही काम करतो. डोंगराकडून कोरडा गरम वारा सुटला की ती समुद्राकडे फिरते, आणि मग ज्याच्या हातात जे आहे ते हळूच खाली ठेवून सगळे बाहेर येतात. त्या वाऱ्यात अंगात वीज साठते, दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. ऑगस्टचा दुसरा आठवडा, संत रोकेचा उत्सव तोंडावर. चिंधी अजून डोंगराकडे होती, पण सरळ उडत नव्हती. लोंबून हलत होती.

"डोरो आत आहे?" फेलिसानं विचारलं, जरी तिला ते ठाऊक होतं.

"सातपासून."

"त्या डब्यात हात घालत असेल."

"घालत असेल. उत्सवाचा माल आहे."

"मग आता तरी हाक मारा."

"आता तर मुळीच नाही."

कारखाना म्हणजे संत्र्यांच्या मधोमध विखुरलेल्या अकरा पांढऱ्या खोल्या. एकीचं तोंड दुसरीकडे नाही. एका खोलीत एक माणूस. खोल्यांच्या अलीकडे चाळीस पावलांवर जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ मारलेली आहे, दर सोमवारी ती नव्यानं ओढतात. रेघेच्या पलीकडे धावायचं नाही आणि हाक मारायची नाही. माणसाचे हात दारूत असताना त्याला दचकवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरी कुणी वारलं असलं तरी निरोप्या रेघेच्या अलीकडे उभा राहतो. आतला माणूस हातातलं काम संपवतो, हात धुतो, अंगातली वीज उतरवायला दाराशेजारच्या तांब्याच्या पट्टीला बोट लावतो आणि स्वतःहून बाहेर येतो. तेव्हा त्याला सांगायचं.

"साडेनऊला न्याहारीला येईल," बाल्तासार म्हणाला. "नेहमीसारखी."

फेलिसानं माझ्या खोपटातल्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून आठ मिनिटं.

"बावीस मिनिटं, काका."

"हो."

"बावीस मिनिटं ती त्या डब्याशी बसणार, आणि आपण इथे बसायचं?"

"ती तीन आठवडे बसलीय. आता तिचा हात हलला नाही पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे." मग त्यानं रेघेकडे बोट केलं. "तुला पटत नसेल तर तू मार हाक. ती रेघ तिथे आहे. मी तुला धरणार नाही."

फेलिसा वळली. रेघेपर्यंत गेली. सपातांची टोकं चुन्याला लागतील इतकी जवळ. नऊ नंबरचं दार तिथून दिसतं, हिरवं, अर्धं उघडं. तिनं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज मात्र आला नाही.

तो येणार नाही हे बाल्तासारला ठाऊक होतं. मलाही होतं, गावात सगळ्यांनाच आहे.

ती नऊ वर्षांची होती, त्याच रेघेपाशी उभी होती, हातात बापाच्या न्याहारीचं पुडकं. तिचा बाप तोमास चार नंबरात होता. डोरो तेव्हा पाळण्यात होती, आणि त्या सकाळी पहिल्यांदा कशाला तरी धरून उभी राहिली होती. ते सांगायची घाई होती पोरीला. तिनं हाक मारली, "बाबा." मोठ्यानंही नाही. मग एक फटकन आवाज झाला, चादर झटकल्यासारखा, आणि तोमास बाहेर आला तो उजवा हात डाव्या हातात धरून. दोन बोटं गेली, भुवया गेल्या. दवाखान्यात, घरी, साहेबांपुढे, सगळीकडे तो एकच सांगत राहिला, माझा हात घसरला. पोरीनं हाक मारली होती हे त्यानं मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. कुणी तिला रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं माझी सासू म्हणायची. कुणी रागावलं नाही.

तेव्हापासून फेलिसा भित्री. काडेपेटी ओढायची झाली तर हात लांब करून तोंड फिरवायची. उत्सवात सगळं गाव चौकात उभं राहून छातीत बसणारे आवाज ऐकायचं, तेव्हा ती घरात, पलंगाखाली, कानात कापूस. चीमो तिच्या वर्गात होता, आता आमच्याकडे पाच नंबरात असतो. तो अजून सांगतो, शाळेत खडू मोडला तरी ही बाकाखाली जायची.

एकोणिसाव्या वर्षी ती इंग्लंडला गेली. समुद्राकाठच्या हॉटेलात चादरी धुवायला. पळून गेली असंच म्हणायला हवं, दारूपासून जितकं लांब जाता येईल तितकं. आठ वर्षं राहिली. इंग्रजी शिकली ती चादरींच्या ढिगांमधून आणि एका वहीतून. ती वही मी पाहिलीय, तिच्या स्वयंपाकघरात असते, आता तशा सोळा झाल्यात. मधोमध उभी रेघ. डावीकडे नाम, उजवीकडे त्याच घरातलं विशेषण. भूक आणि भुकेला. थंडी आणि थंड. भीती आणि भ्यालेला. तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की ही दोन घरं इंग्रजीत आणि आपल्यात सारखी वापरत नाहीत. इंग्रज माणूस भुकेला असतो, थंडलेला असतो, भ्यालेला असतो. आमच्याकडे माणसाजवळ भूक असते, थंडी असते, भीती असते. एकदा माझ्यासमोर वाटाणे सोलताना ती म्हणाली होती, "त्यांची भीती त्यांना रंगासारखी लागते गं. आपली पिशवीसारखी असते, आपण ती घेऊन फिरतो."

"मग खाली ठेवता येते का?" मी विचारलं.

"नाम आहे म्हणजे ठेवता यायला हवी," ती म्हणाली, आणि वाटाणे सोलत राहिली.

परत आली आणि भाषांतर करायला लागली. फरशीच्या कारखान्यांची यंत्रं, संत्र्यांच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या, औषधफवारणीचे कागद. आणि गाव हे असं, तेव्हा आमचेही कागद. दारूपासून इतकं लांब जाऊन दारू शेवटी तिच्या स्वयंपाकघरात आली, कागदावरून. पण कागदाला ती भीत नव्हती. कागदावर तिचा हात पक्का होता. इंग्रजीतली विशेषणं दिसली की ती त्यांना आधी नामं करून घ्यायची आणि मग त्या नामाभोवती आपलं वाक्य बांधायची. थंड असं एकटं दिसलं की थंडाव्यात ठेवा. गरम दिसलं की उष्णतेपासून दूर ठेवा. ओलं दिसलं की ओलावा, आणि ओलाव्याचं वाक्य तर तीस वर्षं एकच. आमच्या अकराही खोल्यांत दाराशेजारी तिचे कागद लावलेत आणि प्रत्येकावर ती ओळ आहे. ओलाव्यापासून जपा. दारूच्या कारखान्यात दुसरं काय लिहिणार? त्या तीन आठवड्यांपूर्वीच्या दिवशी डोळ्यांनी ओलं वाचलं आणि बाकीचं हातानं केलं.

कामाला बसण्याआधी ती एक गोष्ट करायची, तिच्यावर गल्ली हसायची. स्वयंपाकघराच्या दाराला तिनं तांब्याची पट्टी ठोकून घेतली होती, आमच्या खोल्यांना असते तशी. तिला बोट लावून मग संगणकापुढे बसायची. आणि काम झाल्यावर दुसरी गोष्ट. रविवारी डोरो जेवायला आली की चुलीवर भात शिजत असताना फेलिसा तिला आठवड्याचे सगळे कागद वाचून दाखवायची. डोरोला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण आमच्यातली सगळ्यात चांगली कारागीर तीच. ती खुर्चीवर मागे रेलून, डोळे अर्धे मिटून ऐकायची. फेलिसा विचारायची, "समजलं?" डोरो म्हणायची, "समजलं." मग फेलिसा सही करायची. डोरोची मान हलली की ती शिक्का पडला असं धरायची.

"हासुद्धा वाचून दाखवला होता," रेघेपासून परत येऊन ती बाल्तासारला म्हणाली. "ती समजलं म्हणाली."

"बस."

"म्हणजे तिनं तो तसाच ठेवला असणार. उंच फळीवर. झाकण सैल करून. ती माझ्या कागदाबाहेर एक पाऊल टाकत नाही."

"बस म्हणालो ना."

ती बाकावर बसली. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं. बाल्तासार यादीकडे पाहत होता, पण पेन्सिल कानावरच होती. नऊ सोळा. नऊ एकोणीस. नऊ नंबरच्या दारात एकदा सावली हलली आणि आम्ही तिघंही एकदम श्वास धरून बसलो. सावली आत गेली.

"फळीपाशी गेली," फेलिसा म्हणाली.

"कुठेही गेली असेल."

"फळी उजवीकडे आहे. उजवीकडेच गेली."

"फेलिसा, तू चाळीस वर्षांत त्या खोलीत गेलेली नाहीस. फळी डावीकडे आहे."

त्यावर ती हसली असती एरवी. नऊ बावीसला खांबावरची चिंधी उचलली गेली, एक गिरकी घेतली आणि पुन्हा पडली. तोंडावर गरम हवेचा एक झोत आला, भट्टीचं दार उघडून मिटल्यासारखा. बाल्तासार उठून उभा राहिला. बसला. मी त्याला इतक्या वर्षांत काही कारण नसताना उठताना पाहिलं नव्हतं.

"वारा फिरला तर ती येईल ना लगेच?" फेलिसानं विचारलं.

"हातातलं ठेवून येईल."

"हातातलं कुठे ठेवून?"

तो पुन्हा चिंधीकडे बघायला लागला.

मग लोक यायला लागले. आधी तीन नंबरवाला, मग अकरा, मग पाचमधून चीमो. पट्टीला बोट, बादलीत हात, मग रेघ ओलांडून हळूहळू मांडवात. चीमोनं आपलं हातभर लांब पावाचं पुडकं टेबलावर आपटलं आणि फेलिसाला पाहून थांबला.

"अरे वा. बाईसाहेब स्वतः. आज काय, आमच्या दारूची तोंडी परीक्षा?"

कुणी हसलं नाही. चीमोनं बाल्तासारच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या नजरेच्या रोखानं नऊ नंबरकडे, आणि पुडक्याची दोरी सोडता सोडता त्याचा हात तिथेच राहिला. ऑलिव्हची बशी मधे आली होती, कुणी हात लावत नव्हतं. आठ माणसं एका हिरव्या दाराकडे बघत बसली होती आणि कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

साडेनऊ झाले.

नऊ एकतीस.

"ती कधी उशीर करत नाही," फेलिसा म्हणाली. आवाज इतका बारीक की माझ्यापर्यंतच आला.

नऊ तेहतीसला डोरो दारात आली. पाठमोरी. दार ओढून घेतलं, कडी लावली, पट्टीला बोट लावलं, बादलीत हात बुडवून कोपरापर्यंत चोळले. सगळं सावकाश, घाई कशाला असते ते माहीत नसल्यासारखं. पन्नाशीची ठेंगणी बाई, सुती अंगरखा, डोक्याला रुमाल. रेघ ओलांडून आली आणि मांडवात कुणीच खात नाही हे पाहून थबकली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही," बाल्तासार म्हणाला. "डोरो, निळा डबा कुठे आहे?"

"खाली. सावलीत."

"फळीवर नाही?"

"फळीवर कशाला?"

"झाकण?"

"घट्ट आहे. का?"

"माल कसा आहे?"

डोरोनं आधी बाल्तासारकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग टेबलावरच्या कागदाकडे. तिला वाचायची गरज पडली नाही.

"ओला आहे," ती म्हणाली. "मी रोज पाणी घालते."

बाल्तासारनं कानावरची पेन्सिल काढली आणि खिशात घातली. तो एकटाच रेघ ओलांडून गेला. आम्ही थांबलो. परत आला तेव्हा त्याचे हात मनगटापर्यंत ओले होते. ते त्यानं विजारीला पुसले, बाकावर बसला आणि पाव उघडला.

"चिंब आहे," तो म्हणाला. "पिळला तर पाणी निघेल. खा सगळे."

मग टेबल एकदम बोलायला लागलं. चीमोनं ऑलिव्ह तोंडात टाकला. "म्हणजे मी सकाळी सकाळी उगाच देवाचं नाव घेतलं. आता महिनाभर पुरेल मला ते." कुणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. फेलिसानं हातातला पेला अखेर तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात प्याली. तिचे गाल ओले झाले होते. ते तिनं पुसले नाहीत.

"डोरो, ये, बस," ती म्हणाली. "ये ना माझ्या शेजारी."

डोरो बसली. तिनं आपलं पुडकं सोडलं, आत कांद्याचं ऑम्लेट होतं, त्यातलं अर्धं तोडून फेलिसापुढे ठेवलं.

"खा. सायकलनं आलीस?"

"तुला कसं कळलं?"

"काय?"

"पाणी घालायचं ते."

"आला तेव्हा ओला होता. जसा आला तसा ठेवला. बाबा तसंच करायचे."

"पण कागदावर मी लिहिलं होतं..."

"कागदावर काय आहे ते मला माहीत आहे, फेली. दाराशेजारीच आहे."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

डोरोनं खाणं चालू ठेवलं. बाल्तासार पलीकडून म्हणाला, "आणि मलाही का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगून काय, काका? तुम्ही तिच्या कागदाला कुणाला बोट लावू देता? लगेच तिला फोन केला असतात. मग ही पंधरा दिवस झोपली नसती."

"झोपले नसते तर नसते," फेलिसा म्हणाली.

"तुझं ठीक आहे. मला रात्री तीनला फोन आले असते. डोरो, पाणी घातलंस का. डोरो, झाकण बघितलंस का."

टेबल हसलं. फेलिसाही हसायला लागली आणि मधेच थांबली. मी तिच्या समोरच उभी होते. तिच्या तोंडावरून काहीतरी उतरताना मला दिसलं, जसा आपण जिना संपला समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी असावी.

"त्या रविवारी तू समजलं म्हणालीस," ती म्हणाली.

"समजलंच होतं."

"बरोबर आहे असं नाही म्हणालीस."

"माल आला नव्हता तोवर. मला कसं कळणार बरोबर आहे का?"

"पण आल्यावर कळलं."

"आल्यावर कळलं."

"आणि मग पुढच्या रविवारी मी तुला दुसरे चार कागद वाचून दाखवले. तू तशीच खुर्चीत रेललीस. तशीच समजलं म्हणालीस. मी सह्या केल्या."

डोरोनं ऑम्लेटचा शेवटचा तुकडा पावात दाबला. खाल्ला नाही.

"बाहेर बघा," बाल्तासार म्हणाला. चिंधी पूर्ण फिरली होती. समुद्राकडे ताठ उडत होती. संत्र्यांची पानं उलटी होऊन पांढुरकी दिसायला लागली आणि मांडवाचं कापड एकदा फडफडलं. "आजचं काम झालं. कुणी आत जायचं नाही."

"नऊच्या जमिनीवर दारूची भुकटी असते, ती भिजवून यायला हवी," डोरो म्हणाली. "या वाऱ्यात तासाभरात सुकेल."

"भिजवून ये. मोजून पाच मिनिटं."

डोरो उठली. तिनं मांडवाच्या कोपऱ्यातली झारी घेतली आणि नळाखाली धरली. नळाचं पाणी झारीत पडत होतं. फेलिसा तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"डोरो. हा एकच, का आणखी?"

पाणी पडत राहिलं.

"मी रागावणार नाही. मला फक्त कळू दे. तीस वर्षांचे कागद आहेत, अकरा खोल्यांत आहेत. शेजारच्या गावात आहेत, तिथे तू नसतेस. यातले किती तू न बोलता सुधारून घेतलेस?" ती आणखी जवळ सरकली. "किती, डोरो? दोन? दहा?"

डोरोनं नळ बंद केला. झारी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. बहिणीकडे तिनं पाहिलं, नाही असं नाही. तिचा ओला हात वर आला, फेलिसाच्या कपाळावर आलेली बट मागे सारली, आणि खाली गेला.

"बाबांसारखं करू नकोस," फेलिसा म्हणाली. "तेवढं करू नकोस. सांग."

डोरो मांडवातून बाहेर पडली. वाऱ्यानं तिचा अंगरखा पायांना चिकटवला. फेलिसा तिच्यामागे चार पावलं गेली, सहा गेली, आणि चुन्याच्या रेघेपाशी थांबली. डोरोनं रेघ ओलांडली आणि झारीतलं पाणी न सांडता, सावकाश, नऊ नंबरच्या दाराकडे चालत गेली.